गाठ, बुरशी आणि पातळ भिंत

लाकडाच्या वखारीत गाठ दिसली की भाव उतरतो, भेग दिसली की आणखी उतरतो, आणि कापलेल्या तोंडावर बुरशीच्या काळ्या रेघा दिसल्या की ओंडका जळणाच्या ढिगात जातो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांसाठी उभा जन्म लाकडी पॅटर्न बनवलेल्या एका निवृत्त कारागिरांना हा हिशेब रास्त वाटतो. त्यांची भाची पुण्यात लेथवर लाकडी भांडी कातते आणि माल निवडायला नेमकी त्या जळणाच्या ढिगाकडे जाते. तिच्या भांड्यांचं तोंड अरुंद असतं, पोट मोठं, भिंत पातळ. त्या भिंतीत गाठ, चीर, किड्याने पाडलेली भोकं, आत शिरलेली साल, सगळं जागच्या जागी राहू दिलेलं असतं.

या खेपेला वाद पेटला तो आंब्याच्या एका ओंडक्यावरून. पावसाळ्यातल्या वादळात पडलेलं झाड, त्याचा बुंधा बरेच दिवस उघड्यावर पडून राहिलेला, सालीखाली ओल धरलेली. करवतीने तोंड साफ केलं तेव्हा फिकट लाकडावर काळ्या बारीक रेघांचा नकाशा उमटलेला दिसला, आणि एका बाजूला जुन्या तुटलेल्या फांदीची गाठ, तिच्याभोवती अर्धवट मिटलेली साल.

"हे कुजलंय," मामांनी निकाल दिला. त्यांनी कडेला नख दाबून पाहिलं. "बघ, नख रुततं. ज्यात नख रुततं त्यात पटाशी काय धरणार?"

"कडेला रुततं, मामा. मधे दाबून बघा."

त्यांनी मधे दाबलं. तिथे रुतलं नाही. पण तेवढ्याने मत बदलण्यातले ते नव्हेत.

मामांच्या आग्रहामागे एक पूर्ण विद्या उभी आहे. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूची लाकडी प्रतिकृती. तिच्याभोवती वाळू ठोकून बसवायची, प्रतिकृती अलगद काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. धातू निवताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो: ओतीव लोखंडासाठी फुटाला साधारण एक अष्टमांश इंच, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, पोलादासाठी त्याच्या जवळजवळ दुप्पट. पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच त्या प्रमाणात वाढवून आखलेली असते. अशा कामात गाठ आली तर ती भोवतालच्या लाकडापेक्षा वेगळ्या चालीने आकसते, पृष्ठभागावर उंचवटा येतो, वाळू ओरबाडली जाते आणि कास्टिंग भंगारात जातं. चीर असली तर वाळूतली ओल आत शिरते. म्हणून सागवान, तेही सरळ रेषेचं, नीट मुरलेलं. एक चुकीची फळी निवडली तर नुकसान एका नगाचं होत नाही, त्या पॅटर्नवर निघणाऱ्या प्रत्येक नगाचं होतं.

"आणि भांड्याचं म्हणशील," मामा म्हणाले, "तर भांडं म्हणजे काहीतरी धरून ठेवणारी वस्तू. तुझ्या आजीची काठवट आठव. बाभळीची होती. तिला चीर असती तर पीठ चिरेत बसलं असतं, आंबलं असतं. तबल्याचं खोड घे. तेही कातलेलं, पोखरलेलंच असतं, शिसवीचं नाहीतर खैराचं. त्याला तडा गेला की नाद गेला. आपल्याकडे लाकूड पोकळ करणाऱ्यांनी कधी दोष मिरवला नाही."

हा मुद्दा भाचीने उडवून लावला नाही. तबल्याचं खोड हे पोकळ कातकामाचं आपल्याकडचं अव्वल उदाहरण आहे. ते वरून फक्त काही अंतरापर्यंत पोखरतात, खालचा भाग भरीव ठेवतात, आणि चामड्याचा ताण सगळ्या बाजूंनी सारखा पडायचा तर लाकूडही सगळीकडे सारखंच लागतं. सावंतवाडीच्या चितारआळीत कातली जाणारी लाकडी फळं आणि खेळणी रंगाखाली झाकली जातात. तिथे लाकडाने स्वतःचं रूप दाखवावं अशी अपेक्षाच नसते.

"मान्य," ती म्हणाली. "काठवट मी या ओंडक्याची करणार नाही. पण पाणी धरत नाही, पीठ धरत नाही, नाद धरत नाही, असंही एक भांडं असू शकतं. ते त्या झाडाला काय काय झालं ते धरून ठेवतं."

"हे बोलायला छान आहे. लेथवर काय होतं ते सांग."

तिने मग दोन इंजिनियरांची गोष्ट काढली. मामांना इंजिनियर म्हटलं की कान द्यावासा वाटतो हे तिला ठाऊक आहे.

पहिले जेम्स प्रेस्टिनी (१९०८–१९९३). येल विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाने लेथवर इतके पातळ वाडगे कातले की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते आपल्या संग्रहात घेतले. लाकूड स्वच्छ, रेषा शांत, आकार शुद्ध. नजर कुठेही अडखळत नाही. दुसरे मेल्विन लिंडक्विस्ट (१९११–२०००). ते शेनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात व्हर्टिकल टरेट लेथवर तयार झाले आणि पुढे गुणवत्ता नियंत्रणाच्या कामावर गेले. सदोष माल बाजूला काढण्याच्या खात्यात नोकरी केलेल्या या माणसाने घरच्या लेथवर मात्र बुरशीने रेघाळलेलं लाकूड आणि झाडांच्या बुंध्यावरचे गाठाळ फुगवटे लावले, आणि त्यांच्यातून अरुंद तोंडाच्या, वरच्या कडेला झाडाचा ओबडधोबडपणा तसाच ठेवलेल्या फुलदाण्या काढल्या. त्यांचे चिरंजीव मार्क लिंडक्विस्ट यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये 'फाइन वुडवर्किंग' या नियतकालिकात अशा लाकडावर लेख लिहिले, आणि सरपणात जाणारा माल अमेरिकेतले कारागीर शोधत फिरू लागले.

तिने मोबाइलवर दोघांच्या कामाची छायाचित्रं दाखवली. मामांनी प्रेस्टिनीचा वाडगा बराच वेळ पाहिला. "हा माणूस पॅटर्नमेकर व्हायला हवा होता," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही फार मोठी पावती आहे. लिंडक्विस्टची फुलदाणी पाहून मात्र त्यांनी विचारलं, "आत पोकळ केली कशी? तोंडातून तर दोन बोटं जायची नाहीत."

"न बघता. हत्यार आत गेलं की टोक दिसत नाही."

"बोअरिंगसारखं," मामा म्हणाले. "सिलिंडर आतून कापताना तरी टोक कुठे दिसतं? हाताला कळतं, कानाला कळतं." टरेट लेथवर हात बसलेल्या माणसाला ही युक्ती सुचावी यात त्यांना नवल वाटलं नाही. वाद तिथे जरा सैलावला.

पण बुरशीचा प्रश्न राहिलाच होता, आणि तो खरा आहे. मेलेल्या लाकडात ओल, हवा आणि ऊब मिळाली की बुरशी शिरते. पांढरी कूज आणणाऱ्या जाती लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन फोडतात आणि तो भाग फिकट पडतो. दोन वसाहती समोरासमोर आल्या की प्रत्येक जण आपल्या हद्दीवर गडद द्रव्याची भिंत उभारतो. आंब्याच्या ओंडक्यावर दिसणाऱ्या काळ्या रेघा म्हणजे अशा भिंतींचा आडवा छेद. काही जाती रंगही सोडतात. पंधराव्या शतकातल्या इटालियन जडावकामात जो निळसर हिरवा रंग दिसतो, त्यातला काही क्लोरोसिबोरिया नावाच्या बुरशीने रंगवलेल्या लाकडाचा आहे. त्या कारागिरांनी असे तुकडे वेचून पानं आणि डोंगर करायला वापरले होते. आंब्याचं लाकूड तर बुरशीला लवकर वश होतं. हवाई बेटांवरचे कातारी रेघाळलेला आंबा आवडीने वापरतात.

"म्हणजे कूजच," मामा म्हणाले.

"कूजच. फक्त ती कुठे थांबवायची ते ठरवायचं."

या थांबवण्यात सगळी मेख आहे. लवकर काढलं तर रेघा कोवळ्या, उशीर झाला तर लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं आणि पटाशी तंतू कापण्याऐवजी उपटते. ओंडका वाळवून त्यातली ओल वीस टक्क्यांच्या खाली नेली की बुरशीची वाढ थांबते. तोवर रोज कडा तपासायच्या, नखाने दाबून पाहायचं, ठोकून आवाज ऐकायचा. एकाच ओंडक्यात दगडासारख्या कठीण काळ्या रेघा आणि त्यांच्यालगत भुसभुशीत पट्टे असतात, त्यामुळे हत्यार एका फेरीत चार वेगवेगळ्या लाकडांतून जातं. धार जराशी बोथट असली तर मऊ जागी खड्डा पडतो आणि कठीण रेघ वर राहते. मऊ पट्ट्यात पातळ लॅकर किंवा पातळ सुपरग्लू मुरवून तो कापण्याजोगा घट्ट करून घेतात.

मामांनी इथे एक बोट वर केलं. "आणि ती धूळ नाकात जाते त्याचं काय?"

हा प्रश्न हलक्यात घेण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. ते कोणत्याही लाकडाच्या धुळीबद्दल आहे, बुरशीचं लाकूड असो वा नसो. बुरशीच्या धुळीने दम्याच्या माणसाला त्रास होण्याची भीती वेगळी. भाची मास्क, धूळ ओढणारा पंखा आणि तोंडावर पूर्ण ढाल यांच्याशिवाय लेथ सुरू करत नाही. ढाल आणखी एका कारणासाठी: सालीचा तुकडा गाठीभोवती सैल असेल तर फिरताना तो सुटून थेट समोर उभ्या माणसाकडे येतो. असमतोल ओंडका ती मिनिटाला ३००–४०० फेऱ्यांवर सुरू करते आणि तो गोल होईपर्यंत वेग वाढवत नाही. फिरणाऱ्या तुकड्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा नियम मामांनीच तिला लहानपणी शिकवला होता.

आता मुख्य गोष्ट, भिंतीची. दोघांचा खरा मतभेद इथेच आहे, आणि या कामाचं सगळ्यात अवघड, सगळ्यात सुंदर अंगही हेच.

"धातू सगळ्या बाजूंनी सारखा आकसतो," मामा म्हणाले, "म्हणून त्याचा हिशेब मांडता येतो. तुझं लाकूड?"

"तीन दिशांना तीन तऱ्हा." तिने ओंडक्याच्या तोंडावर बोट फिरवलं. लाकूड वर्षवलयांच्या वळणाने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्यापासून सालीकडे आकसतं, आणि लांबीला जवळजवळ आकसतच नाही. ओला ओंडका वाळताना परीघ गाभ्यापेक्षा जास्त लहान व्हायला बघतो, त्याला जागा मिळत नाही, आणि ओंडका गाभ्यापासून सालीपर्यंत फाटतो. त्यात गाठ असली तर आणखी बिकट, कारण गाठ म्हणजे खोडात रुतलेली फांदी. तिचे तंतू खोडाच्या तंतूंना आडवे, तिचं आकसणं वेगळ्याच दिशेला.

"मग गाठीचं ओलं लाकूड कातायचं म्हणजे फाटण्याची हमीच."

"जाड ठेवलं तर हमी. पातळ केलं तर नाही."

जाड भिंतीत बाहेरचा थर आधी वाळतो, आतला ओला राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत लाकूड तुटतं. भिंत तीनचार मिलिमीटरची असली तर ती जवळपास एकदम वाळते आणि ताण आला तर तुटण्याऐवजी वाकते. गोल तोंड लंबगोल होतं, गाठीजवळ भिंत किंचित आत ओढली जाते किंवा फुगते. भांडं लेथवरून उतरल्यावर काही आठवडे स्वतःचा आकार बदलत राहतं. अट एकच: भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी. खांद्याजवळ तीन आणि बुडाजवळ बारा मिलिमीटर राहिली तर चीर नेमकी त्या बदलाच्या जागी जाते. म्हणजे जितकं लाकूड सदोष, तितकी भिंत नेमकी. मामांना वाटतं त्याच्या बरोब्बर उलट: दोषाचं लाकूड ढिसाळपणाला सवलत देत नाही, ते मोजमापाची कसोटी वाढवतं.

हे काम पूर्णत्वाला नेलं ते डेव्हिड एल्सवर्थ यांनी. १९४४ साली जन्मलेल्या या अमेरिकन कातारीने १९७०च्या दशकात टोकाशी वाकवलेली पोलादी हत्यारं स्वतः बनवली, कारण सरळ हत्यार अरुंद तोंडातून खांद्याच्या मागे पोचत नाही. वाकडं हत्यार आत गेलं की टोक दांड्याच्या रेषेबाहेर असतं आणि लाकूड त्याला पिरगळू पाहतं. म्हणून दांडा लांब ठेवायचा, काखेत धरायचा, आणि ताकद हातातून न लावता अंगातून लावायची. भिंत किती उरली हे आवाजावरून ओळखायला एल्सवर्थ शिकवत आले: लाकूड पातळ होत जातं तसा कापण्याचा सूर बदलत जातो. हल्ली हत्यारावर लेझरचा ठिपका बसवून टोक कुठे आहे ते बाहेरून पाहण्याची सोय निघाली आहे. पण चिरेचं आणि भोकांचं लाकूड असेल तर सूर दर फेरीला तुटतो. हत्यार लाकडात, मग हवेत, पुन्हा लाकडात. मोकळ्या जागी हत्यार जराही आत ढकललं गेलं तर पुढच्या कडेवर आदळतं आणि भांडं हातातून जातं. १९८६ मध्ये अमेरिकेत कातारींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष म्हणून एल्सवर्थच निवडले गेले.

"भोकातून आत बघता येतं ना पण," मामा हळूच म्हणाले. "जाडी तिथे मोजता येते."

भाची हसली. ते खरंच होतं. किड्याचं भोक किंवा सालीची खिडकी म्हणजे कॅलिपरला मिळालेली एक जादा वाट. अडचण आणि सोय एकाच जागी.

तरी मामांचा एक आक्षेप शिल्लक होता, आणि तो सगळ्यात जड आहे. "मला भीती वेगळीच वाटते. गाठ इतकी देखणी असते की माणूस तिच्याकडेच बघतो. आकार बिघडला आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. फाउंड्रीत आम्ही पॅटर्नला रंग देतो. एका रंगाखाली गेला की त्याचा आकार नागडा होतो, वेडंवाकडं काही लपत नाही. तुझ्या भांड्याला एकदा सपाट काळा रंग दे आणि मग सांग, ते उभं राहतं का."

अशा भांड्यांच्या बाजारात हिंडलेल्या कोणालाही ही तक्रार नाकारता येणार नाही. बुडाला जड, खांद्याला पडलेली, तोंड कुठेतरी चिकटवल्यासारखं, पण मधे एक झगमगीत गाठ आणि तिच्यात ओतलेलं निळं रेझिन: अशा वस्तू ढिगांनी मिळतात. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइन शिकवणारे डेव्हिड पाय यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात कारागिरीचे दोन प्रकार मांडले. एकात यंत्र किंवा साचा निकाल आधीच पक्का करून ठेवतो. दुसऱ्यात शेवटच्या क्षणापर्यंत सगळं हाताच्या निवाड्यावर असतं आणि वस्तू कधीही बिघडू शकते. पाय स्वतः लाकडी डब्या कातत आणि त्यांवर अतिशय काटेकोर कोरीवकाम करत. जोखमीची कारागिरी म्हणजे ओबडधोबड काम, ही समजूत त्यांनी जोरात खोडली. जोखीम घेऊनही काम नेटकं होऊ शकतं, किंबहुना तिथेच हाताची खरी परीक्षा असते. मामांचा काळा रंग आणि पाय यांचं पुस्तक एकच गोष्ट मागतात.

"रंगाची परीक्षा मला मान्य आहे," भाची म्हणाली. "लिंडक्विस्टांच्याच शेनेक्टडीत गाइल्स गिल्सन नावाचे कातारी होते. त्यांनी कातलेल्या भांड्यांवर मोटारगाडीचा चमकदार रंग चढवला, लाकूड दिसूच दिलं नाही. आकार उभे राहिले. पण मामा, एक गोष्ट त्या परीक्षेत मोजली जात नाही. गाठ कुठे ठेवायची हादेखील आकाराचाच निर्णय असतो."

हवाईतले रॉन केन्ट नॉरफोक पाइनचे इतके पातळ वाडगे कातत की प्रकाश आरपार यावा. आपल्याकडे बंगल्यांच्या अंगणात ख्रिसमस ट्री म्हणून लावतात तेच हे झाड. त्याच्या फांद्या एकाच उंचीवर वर्तुळात फुटतात. त्यामुळे खोड मधोमध लेथवर धरून कातलं की गाठी भांड्याच्या पोटावर एका ओळीत, सारख्या अंतरावर येतात. केन्ट यांनी आकार असा बेतला की ती ओळ नेमकी हव्या त्या वळणावर पडावी. तेच भांडं काळं रंगवलं तर आकार चांगलाच दिसेल, पण तो तसा का आहे याचं कारण झाकलं जाईल. इथे भाचीचं पारडं जड वाटतं.

मामा गप्प राहिले, पण हरले म्हणून नव्हे. त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. "दोषाला किंमत आली की लोक दोष चोरायला लागतील."

तेही घडलं आहे. कॅलिफोर्नियाच्या रेडवुड जंगलात शेकडो वर्षांच्या झाडांच्या बुंध्यावर गाठाळ फुगवटे असतात. त्यांच्यात निद्रिस्त कळ्या दाटलेल्या असतात. झाड पडलं किंवा जळलं तर तिथूनच नवे कोंब फुटतात. त्या लाकडाच्या वेड्यावाकड्या रेषांना भाव आल्यावर रात्री चेन सॉ घेऊन चोर जंगलात शिरू लागले आणि जिवंत झाडांचे बुंधे तासून नेऊ लागले. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला न्यूटन ड्रुरी नावाचा निसर्गरम्य रस्ता रात्री बंद करावा लागला. झाडाने शेकडो वर्षं सांभाळलेली पुन्हा जगण्याची सोय कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या फुलदाणीसाठी जावी, याचं समर्थन कुठल्याही सौंदर्यशास्त्राने होत नाही.

भाचीने इथे प्रतिवाद केला नाही. तिचा नियम साधा आहे: उभ्या झाडाचं काही घ्यायचं नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण आणि जतन कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. वादळात पडलेल्या किंवा परवानगीने काढलेल्या झाडाचा बुंधाच ती घेते, आणि कुठून आला ते लिहून ठेवते. तिचा आदर्श केंटकीतले रूड ओसोल्निक (१९१५–२००१) आहेत. बेरिया कॉलेजात शिकवणाऱ्या ओसोल्निक यांनी व्हेनियर गिरण्यांनी फेकलेले बुंध्याचे तुकडे, मुळाजवळची आडवीतिडवी लाकडं उचलली आणि त्यातून वाडगे केले. ज्याला दुसरीकडे वापर नाही ते घेतलं तर चोरीचं कारणच उरत नाही.

"ओसोल्निक शहाणा," मामा म्हणाले. "माझ्या शॉपमध्ये सागाचे तुकडेसुद्धा फेकलेले मला चालायचे नाहीत."

शेवटचा मुद्दा गाठीभोवतीच्या सालीचा. ती भरायची की तशीच ठेवायची? अटलांटाचे वास्तुविशारद एड मोल्थ्रोप (१९१६–२००३) आपली प्रचंड गोल भांडी ओली कातून पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात मुरवत. ते द्रव्य पाण्याची जागा घेतं, लाकूड आकसत नाही, चिरा पडत नाहीत. काही जण पोकळी रेझिनने भरतात. काही जण सालीची फट मोकळी ठेवून फक्त तिच्या कडा पातळ सुपरग्लूने घट्ट करतात. भाचीला फट मोकळी हवी. मामांना नको, कारण भिंतीची सलगता तिथे तुटते आणि वाळताना तीच जागा आधी उघडेल.

"उघडू दे."

"किती उघडेल? मापाशिवाय 'उघडू दे' म्हणणं म्हणजे अंदाजपंचे."

मामांनी खिशातली पेन्सिल काढली, ओंडक्याच्या तोंडावर वलयांचा मध्य शोधला आणि गाठ पोटाच्या वरच्या बाजूला येईल असा भांड्याचा छेद आखला. बुडाची जाडी, खांद्याचं वळण, तोंडाची रुंदी. मग पॅटर्नच्या सवयीने विचारलं, "टेम्पलेट कशाचा करू? आजच्या मापाचा की वाळल्यावरच्या?"

"वाळल्यावरचं माप मला माहीत नाही. गाठीमुळे कोणालाच सांगता येणार नाही."

"मग दोन करू. एक लेथवरून उतरताना लावायचा, एक तीन महिन्यांनी त्या वेळच्या आकारावरून कापायचा. तोंड दोन दिशांनी मोजायचं, वलयांच्या वळणाने आणि त्याला आडवं. पोट गाठीच्या समोरून आणि बाजूने. सालीची फट वर, मधे आणि खाली. असे दहाबारा ओंडके झाले की आंब्याचा आकडा तरी हाती येईल. माझ्याकडे लोखंडाचा आहे, पोलादाचा आहे, ॲल्युमिनियमचा आहे."

भाचीने वही काढली आणि पहिल्या पानावर आंबा असं लिहून खाली तीन रकाने आखले. मामांनी चौथा आखायला लावला, आठवड्यागणिक वजनाचा. वजन उतरायचं थांबलं की वाळणं संपलं, हे त्यांनी पॅटर्नच्या सागावर कायम पाहिलं होतं. मग दोघांनी ओंडका फेसप्लेटवर चढवला, आणि गाठीकडची बाजू जड असल्याने समोर किती भार लावायचा यावरून नवी चर्चा सुरू झाली.